चार वाजून दहा मिनिटं

घड्याळजींना वेळ विचारली, तर "साडेतीन होत आले" असं उत्तर कधी मिळायचं नाही. "तीन सत्तावीस," ते म्हणायचे आणि डोळ्याला भिंग लावून पुन्हा खाली वाकायचे. जिन्याखालची त्यांची खोली इतकी अरुंद होती, की गिऱ्हाइकाला आत यायचं तर आधी घड्याळजींनी बाहेर यायला हवं, असं त्यांची बायको म्हणायची. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवत. चिठ्ठीवर तक्रार आणि तारीख. काम झालं की चिठ्ठी खिळ्यावरून उतरायची आणि पत्र्याच्या डब्यात जायची. एखादी वर्षभर लटकली, तरी "होणार नाही" असं ते म्हणत नसत. "आहे माझ्या लक्षात," एवढंच.

असा माणूस डूख धरील असं कुणाला वाटलं नव्हतं. पण केसाएवढ्या स्प्रिंगसाठी ज्याला तीन दिवस दम धरता येतो, त्याला तो आणखी कशासाठीही धरता येतो.

समोर तिरक्या बाजूला मोबाइलचं दुकान होतं. मालक चाळिशीचा, जिभेवर साखर असलेला. फोन उचलला की "हं, बोला" म्हणायचा, म्हणून सगळा रस्ता त्याला बोलाशेठ म्हणे. नवा फोन विकला की तो स्वतःच सगळं भरून, चालू करून द्यायचा. फोनला कुलूप असलं तरी त्यावर 'आणीबाणी' असं एक बटण असतं, आणि ते दाबल्यावर परक्या माणसालाही आपल्या घरच्यांचा नंबर दिसावा अशी सोय असते. त्या जागी बोलाशेठ सरसकट आपल्या दुकानाचा नंबर घालायचा. फोन हरवला तर सापडणारा आपल्याकडे येईल, गिऱ्हाईक खूश आणि जाहिरातही फुकट, असा त्याचा हिशेब. तो कुणाला विचारत नसे आणि कुणी बघतही नसे. घड्याळजींच्या बायकोचा फोन त्याच्याकडचाच.

गेल्या वर्षी एका दुपारी ती नवऱ्याचा डबा घेऊन निघाली आणि वाटेत पोस्टात शिरली. रांगेत उभ्या उभ्या तिचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि ती फरशीवर कोसळली. खिडकीतला कारकून धावत बाहेर आला. त्यानं तिच्या फोनवरचं बटण दाबलं, दिसला तो नंबर लावला. एक पंचवीस झाले होते. पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "दुकान बंद आहे. चारनंतर करा." एक एकतीसला त्यानं पुन्हा लावला, तो उचललाच गेला नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि तेवढ्या वेळात दुकानाचा फोन बोलाशेठच्या उशाशी असायचा. दुसऱ्या खेपेला त्यानं तो उशीखाली सारला होता.

रुग्णालयात तिला नेलं. पण ती रक्त पातळ करायची गोळी घेते का, हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर धजेनात. इकडे घड्याळजी दोनदा घरापर्यंत जाऊन आले. पोस्टात जाणार हे ती बोललीच नव्हती. त्यांनी सातदा फोन केला. तो तिनं रांगेत उभं राहताना मुका केला होता आणि आता रुग्णालयाच्या एका खणात पडला होता. चार वाजता दुकान उघडलं, रुग्णालयाचा फोन बोलाशेठनं उचलला, वर्णन ऐकून ओळखलं आणि तो रस्ता ओलांडून पळत आला. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती तसली कुठलीच गोळी घेत नव्हती. "हे दोन तास आधी कळलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि हातातले कागद चाळू लागले.

बाई वाचली. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलून बोलून अख्ख्या जिन्याला जागं ठेवणाऱ्या बाईजवळ तीन शब्द उरले: हो, नको आणि पुन्हा.

बोलाशेठ मात्र दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, की माझा नंबर होता म्हणून तर पत्ता लागला. घड्याळजींनाही ते पटलं होतं. त्यांनी हात जोडून त्याचे आभार मानले, त्याच्या घड्याळाला नवा पट्टा घालून दिला. महिन्याभरानं पोस्टातला कारकून पट्ट्याचा आकडा बदलायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, की मी दोनदा लावला होता हो, त्या माणसानं चारनंतर करा म्हणून सांगितलं. घड्याळजींनी भिंग काढलं. फोन नक्की कितीला लावला, ते विचारलं. मग एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'एक पंचवीस, एक एकतीस' असं लिहिलं आणि घड्याळ न बांधताच ती खिळ्याला अडकवली.

फोनमधली ती सोय कशी भरायची, हे त्यांनी त्या कारकुनाकडूनच शिकून घेतलं. घरच्यांची नावं, नंबर, रक्तगट, चालू असलेल्या गोळ्या. मग येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते विचारू लागले, फोन कुठून घेतला? समोरून, असं उत्तर आलं की फोन कुलूपबंद असतानाच ते बटण दाबून दाखवायचे. दुकानाचा नंबर बघून माणूस चकित व्हायचा. घड्याळजी त्याला त्या दुपारची हकिकत सांगायचे. आवाज न चढवता, एक विशेषण न वापरता, फक्त वेळा सांगून. मग तो नंबर पुसून मुलाचा, मुलीचा, शेजाऱ्याचा घालून द्यायचे. एकशे बारा फोन त्यांनी असे सुधारले. लोक म्हणायचे, केवढं हे परोपकारी मन. परोपकार नव्हता तो. एकेका फोनातून ते बोलाशेठला उपटून काढत होते.

त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून लोक विचारायचे, "आत येऊ, का चारनंतर येऊ?" शाळकरी मुलीसुद्धा तेच विचारून पळायच्या. शेवटी बोलाशेठ जिन्याखाली येऊन उभा राहिला. मी काय मुद्दाम केलं का, म्हणाला. माझ्या पोटावर कशाला पाय देता? "आणि काका, शेवटी तुम्हाला सांगायला पळत कोण आलं? मीच ना?"

"चार वाजून दहा मिनिटांनी," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी भिंग लावलं.

बोलाशेठ गेला. पण लोकांचे टोमणे खाऊन तो वाळला तरी घड्याळजींचं समाधान होईना. टोमणे काय, चार दिवस. त्यांना पाहिजे होते दोन तास पंचेचाळीस मिनिटं.

ते तास स्वतःच्या पायांनी चालत आले. बोलाशेठची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत, पण जीभ अजून तलवारीसारखी. मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ. ते पुढे सारून म्हणाली, की तुम्ही म्हणे साऱ्या गावाचे फोन सुधारता आणि माझ्या मुलाला शिव्या घालता. "शिव्या घालत नाही हो," घड्याळजी म्हणाले. "मग घाला की," म्हातारी म्हणाली, "मी रोज घालते. आणि माझाही फोन बघा."

तिच्या फोनातही दुकानाचाच नंबर होता. पोटच्या मुलानं आईलाही गिऱ्हाइकातच जमा केलं होतं. घड्याळजींनी तिच्या गोळ्या विचारल्या, एकेक नाव नीट लिहिलं. मग नंबराच्या जागी अंगठा थांबला. मुलाचा खाजगी नंबर घाला, म्हातारीनं सांगितलं आणि तो पाठही म्हणून दाखवला. घड्याळजींनी तिथे स्वतःचा नंबर घातला. नातं या रकान्यात 'ओळखीचे' असं लिहिलं. खोटं लिहायचा त्यांचा हात नव्हता.

"झालं?"

"झालं," ते म्हणाले. म्हातारीला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

आता हिच्या मुलाला कधी कळवायचं, हे त्यांच्या हातात होतं. पुढचे अकरा आठवडे ते फोन उशाशी घेऊन झोपले, आणि त्यांना फार चांगली झोप लागली.

बाराव्या आठवड्यात, दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. डोळ्यांच्या दवाखान्याचा पहारेकरी बोलत होता. एक आजी पायऱ्यांवर पडल्यात, घाम फुटलाय, धड बोलत नाहीत. फोनवर तुमचा नंबर निघाला. घड्याळजी "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. समोरचं शटर खाली ओढलेलं होतं. त्यांनी भिंग लावलं. हातात एक घड्याळ उघडं होतं. त्यातला एक स्क्रू त्यांनी बसवला, घट्ट केला, पुन्हा सैल केला. खिळ्यावरची ती चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. कुणाला काही कळलं नसतं. मी घरी नव्हतो, एवढं म्हटलं की संपलं. सेकंदकाटा एकदा फिरला, दोनदा, तीनदा. चौथ्या फेऱ्याला त्यांना पोस्टातली फरशी दिसली. ते उठले.

दवाखान्यात पोचताच त्यांनी म्हातारीच्या गोळ्या तोंडपाठ सांगितल्या. साखर उतरली होती. सुई लागली आणि पंधरा मिनिटांत तिनं डोळे उघडले. डोळे उघडताच तिनं उशी घाणेरडी असल्याची तक्रार केली, म्हणजे धोका टळला. मग घड्याळजींनी सिस्टरांचा फोन मागून घेतला, दुकानाचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन म्हातारीच्या उशाशी ठेवला. दोन एकेचाळीस.

"हं, बोला."

"दवाखान्यातून बोलतोय. एका बाईंबद्दल सांगायचं आहे."

"दुकान बंद आहे. चारनंतर करा."

म्हातारी छताकडे बघत राहिली. दोन सत्तेचाळीसला त्यांनी पुन्हा लावला. वाजून वाजून बंद पडला. तिसऱ्यांदा त्यांनी लावला नाही, आणि म्हातारीनंही लावा म्हटलं नाही. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. किल्ली घट्ट लागते म्हणाली. ते तिथेच बसून बघत राहिले. बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी बोलाशेठला कळवलं.

तो धापा टाकत आला. आईला बसलेली बघून त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग उसळला. दोन तास आई इथे आणि मला कुणी सांगत नाही, म्हणजे काय?

"सांगत होतो," घड्याळजी म्हणाले. "दोन एकेचाळीसला. मग दोन सत्तेचाळीसला."

"कुणाला सांगत होता?"

"मी ऐकलं," म्हातारी म्हणाली. "आवाज तुझाच होता. आता आलाच आहेस, तर बस तिथे कोपऱ्यात. मी तुझ्याशी उद्या चारनंतर बोलते."

बोलाशेठनं घड्याळजींकडे बघितलं. तो कोपऱ्यात जाऊन बसला. तो चेहरा घड्याळजींनी डोळे भरून पाहिला. मग त्यांनी म्हातारीच्या फोनात आपला नंबर पुसून तिच्या मुलाचा खाजगी नंबर घातला आणि ते निघाले. वाटेत दुकान उघडून त्यांनी खिळ्यावरची चिठ्ठी काढली आणि डब्यात टाकली.

घरी बायको खिडकीशी बसली होती. पेज भरवता भरवता त्यांनी तिला सगळं सांगितलं. "चारनंतर करा" ऐकून तिच्या ओठाची डावी कड वर गेली.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. या खेपेला स्क्रू बसवत घालवलेली ती मिनिटंही सांगितली. तिच्यापासून आजवर काही लपवलं नव्हतं. "चार मिनिटं बसून राहिलो गं मी," ते म्हणाले आणि चमचा हातात धरून खाली बघत राहिले.

तिचे ओठ जुळत होते, सुटत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की नवा शब्द कधी येईल सांगता येत नाही, घाई करू नका. घड्याळजींनी घाई केली नाही.

"कमी," ती म्हणाली.