काकांची वायर

होटगीच्या पुढं माळावर आम्ही सात-आठ हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवणारे, सरावासाठी जमलो होतो. पुरात मोबाइल बंद पडले तर निरोप कसे पोचवायचे, याचा तो सराव. मी पिशवीत मावणारा, चकचकीत असा घडीचा नवा अँटेना मुद्दाम निवडून आणला होता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका मात्र अँटेना म्हणून तांब्याच्या वायरचं भेंडोळं घेऊन आले.

"काका, धुणं वाळत घालायचंय काय?" मी सगळ्यांदेखत विचारलं. सगळे हसले. तेही हसले.

पुढचा तासभर रेडिओवरच्या माझ्या हाकेला कुणी उत्तरच दिलं नाही. शेवटी काका जवळ आले. "माजी वायर लावून बगा की. लई लांब हाय, पोचंल." त्यांनी स्वतःच बांधावरच्या कडुलिंबाला वायर ताणली आणि माझ्या रेडिओला जोडून दिली. दुसऱ्याच हाकेला केरळातून उत्तर आलं.

"आवाज छान येतोय," पलीकडचा म्हणाला. "अँटेना कोणता?"

मी माझ्या नव्या अँटेनाचं नाव सांगितलं. काका शेजारीच उभे होते. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

आठवड्यानं मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. "अवो, निरोप पोचला न्हवं? मग झालं की," म्हणत त्यांनी चहा पुढं केला. मला त्यांच्याकडं बघवेना. केरळातल्या त्या माणसाला मी अजूनही खरं सांगितलेलं नाही.