काकवीची म्हैस

वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला एक चित्रकार आहे. माझ्याच वयाचा, म्हणजे दुःख दुप्पट. तो म्हशी काढतो. बारामतीत त्याचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी, शाळेतला चित्रकलेचा मास्तर, चुका काढायच्या तयारीनं गेलो आणि पहिल्याच म्हशीपुढं गार पडलो. काय तो तपकिरी रंग! ओल्या पाठीवर ऊन पडल्यासारखा. म्हशी जन्मभर मीही बघत आलोय. मला एकीनंही अशी पाठ दाखवली नाही.

कुणी बघत नाही असं पाहून मी नाक कॅनव्हासजवळ नेलं. गोड वास! काकवी! लेकाचा उसाच्या पाकानं रंगवतो आणि बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन काटेवाडीजवळच्या गुऱ्हाळावर हजर. गुऱ्हाळवाले आबा म्हणाले, "मास्तर, भाकरीसंगं खायला पायजे का औशधाला?"

"चित्र काढायला."

"बरं हाय. न्हाय जमलं तर चाटून तरी टाकता यील."

म्हैस काढली. बायकोनं पदराला हात पुसत बघितली. "त्यांची म्हैस रवंथ करती. तुमची उपाशी दिसतीय."

मी लक्ष दिलं नाही. इंदापुरात आम्हा आसपासच्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला तोच येणार होता. मला एवढंच हवं होतं, त्यानं माझ्या म्हशीपुढं थांबावं आणि त्याचं तोंड उतरावं.

तो थांबला! बाकीच्यांना नुसती मान डोलवून आला होता. इथं मात्र हललाच नाही. मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. भिंतीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग निघून, शिंगावरून वळून, म्हशीच्या पाठीवर पोचली होती.

"काय रेघ आहे!" तो म्हणाला. "जिवंत. कसं सुचलं?"

"बरेच दिवस डोक्यात होतं," मी म्हणालो. तोंड माझं उतरलं होतं. "तुम्हीही काकवीच वापरता ना?"

"मी? छे! दुकानातली ट्यूब." त्यानं हातातल्या कपाचा घोट घेतला. "काकवी नाही, पण गुळाचा चहा लागतो. माझ्या प्रदर्शनात सगळ्यांना हाच पाजतो."

कपातून तोच वास आला.

मग डोळे बारीक करून तो हळूच म्हणाला, "एक सुचवू? राग मानू नका. ती म्हैस काढून टाका. मुंग्या पुरेत."

लोकांनी मुंग्यांचे फोटो काढले. त्याच्याबरोबर काढले. मुंग्यांबरोबर त्याचे काढले. मी चौकटीबाहेर उभा राहून हसत होतो, दात दिसतील इतपत.

संध्याकाळी चित्र उतरवायला गेलो तर म्हशीची अर्धी पाठ गायब. मुंग्यांनीही त्याचंच ऐकलं होतं.