भजनी मंडळाचं पातेलं आणि टिग मशीन

मला बघायला आमचे हे आले, तेव्हा पंधरा मिनिटांत चहा पिऊन, होकार देऊन मोकळे झाले. वेल्डिंगचं मशीन बघायला मात्र आम्हाला अख्खा दिवस लागला.

हे म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, ह्यांनी गाय विकून गोठ्यात वर्कशॉप काढलं! साध्या वेल्डिंग मशीनवर घरातलं जे जे लोखंडी, ते ते जोडून झालं. माझ्या पोळपाटालासुद्धा लोखंडी पाय लागले (आता तो दोघांनी उचलावा लागतो). मग मोबाईलवर बघून बघून ह्यांना टिग नावाच्या नव्या तऱ्हेच्या वेल्डिंगचं वेड लागलं.

"अगं, टिगमध्ये ठिणग्या न्हाईत, धूर न्हाई, आवाज न्हाई!"

"मग पेटतं तरी का?" मी विचारलं.

दोन वर्षं मी त्या मशीनला उंबरा ओलांडू दिला नाही. आणि मग माझ्याच हातून भजनी मंडळाचं पातेलं फुटलं.

ते पातेलं साधंसुधं नव्हे हो! जाड ॲल्युमिनियमचं, आमच्याकडे जर्मनचं म्हणतात तसलं, आत मी उकिडवी बसेन एवढं. त्यावर मंडळाच्या सतरा जणींची नावं घातलेली, आणि त्यातल्या पाच जणी आता नाहीत. नातीच्या बारशाला मी ते मागून आणलं, धुताना हौदाच्या कठड्यावरून सुटलं, आणि बुडाला वीतभर चीर!

मंडळाच्या अध्यक्ष मंदाताईंना मी घाबरत म्हणाले, "नवं आणून देते."

"नव्यावर माज्या सासूबाईचं नाव कुठनं आणशील?" त्या म्हणाल्या. "शनवारी भंडाऱ्याची आमटी ह्यातच शिजली पायजे. ह्याच पातेल्यात!"

मी रडवेली होऊन गोठ्यात गेले. ह्यांनी चीर पाहिली आणि म्हणाले, "साध्या मशीनवर जर्मन जुळत न्हाई. टिगच पायजे." चेहरा दुःखी ठेवायचा फार प्रयत्न करत होते, पण मिश्या हसत होत्या!

सोमवारी आम्ही पातेल्यासकट नगरची एसटी धरली. कंडक्टरनं मला पाहिलं, पातेल्याला पाहिलं. "आजी, ह्याचं हाफ तिकीट काढावं लागंल."

"पाच वर्षांखालचंय ते," मी म्हणाले.

दुकानात ओळीनं मशीनं मांडलेली. मी आयुष्यभर साड्या आणि कुकर पारखून घेतलेत, तेव्हा पुढारपण माझ्याकडेच! एक छोटं, लाल, गोंडस मशीन दिसलं. "हेच द्या. गोठ्यात शोभून दिसेल."

दुकानदार हसला नाही (देव त्याचं भलं करो). "काकू, हे नुसतं डीसी हाय. लोखंडाला, स्टीलला झकास. पण जर्मनवर एक साय धरलेली असते, डोळ्याला दिसत न्हाई अशी. ती साय फोडायला एसी करंट लागतो. तुमाला एसी-डीसी दोन्ही असलेलं मशीन घ्यावं लागंल."

साय म्हटल्यावर मला लगेच कळलं! ह्यांनी दोन वर्षं समजावलेलं जे शिरलं नव्हतं, ते एका सायीनं शिरलं.

"आणि हे सलग किती चालतं?" मी विचारलं.

"फुल करंटवर दहा मिनिटांत चार मिनिटं काम. मग सहा मिनिटं विसावा."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच."

"अगं, चारचौघांत..." हे पुटपुटले.

"बोलू नका. दादा, चालवून दाखवा."

त्यानं मला काळा मुखवटा घातला. आधी नुसता अंधार. मग अंधारात एक निळा-पांढरा तारा उगवला. खरंच सांगते, तारा! त्याच्याखाली ॲल्युमिनियमचा थेंब झाला, पाऱ्यासारखा थरथरणारा. दुकानदार पायानं पेडल दाबत होता, माझी आई शिवणयंत्र चालवायची तसं. एका हातात टॉर्च, म्हणजे जिच्या टोकाला तो तारा पेटतो ती दांडी, दुसऱ्या हातानं बारीक तार टेकवायची, उचलायची, टेकवायची. तारा पुढे सरके आणि मागे नाणी कलती रचून ठेवावीत तशी चकचकीत ओळ उमटे. एक ठिणगी नाही! माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं, तेही मुखवट्याच्या आत.

मुखवटा काढून मी म्हणाले, "हेच घ्या." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"एकच सांगतो काकू," दुकानदार म्हणाला, "टिगला घाण चालत न्हाई. तेल, धूळ, बोटाचा घामसुदीक न्हाई."

"स्वच्छता मला शिकवू नका!" मी ठणकावलं. "आमच्या घरी या, भांड्यात तोंड बघा!"

गुरुवारी टेम्पोनं मशीन आलं, आर्गॉन गॅसची टाकी आली, आणि मागोमाग मंदाताईंसह अख्खं भजनी मंडळ आलं. पातेलं मी तीन वेळा घासून लखलखीत केलं होतं. हे हातमोजे शोधायला घरात गेले. आता सांगा, नवी वस्तू घरात आली आणि ओवाळल्याशिवाय वापरली, असं कधी होतं का? मी ताट आणलं. मशीनला हळदकुंकू लावलं. टाकीला लावलं, पेडलला लावलं. टॉर्चच्या टोकाला एवढीशी सुई होती, बिचारीला वगळायचं कसं? तिलाही लावलं. पातेल्याच्या चिरेवर पाच बोटं ओढली, नारळ फोडला आणि पाणी सगळीकडे शिंपडलं.

हे आले ते घाईत मुखवटा ओढूनच. पेडल दाबलं. तारा कसला उगवतोय! तडतड तडतड, मोहरी फुटल्यासारखं झालं. काळा धूर निघाला. चीर होती तिथे भोक पडलं!

"गेलं माज्या सासूबाईचं नाव!" मंदाताई ओरडल्या. नाव खरं तर वर काठाला होतं, पण ते सांगायची कोणाची छाती?

"मशीनच खराब दिलंय!" हे हताश झाले. मी मोबाईल हिसकावून दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळ्यांच्या देखत त्याला धुऊन काढला. "म्हाताऱ्या माणसांना फसवता? सतरा जणींचं पातेलं आहे हे! मशीन परत घेऊन जा!"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "काकू, टॉर्चची सुई जरा जवळून दाखवा."

दाखवली.

"ते पिवळं काय हाय?"

सतरा जणींतल्या हयात बाराच्या बारा माझ्याकडे पाहत होत्या.

"हळद," मी म्हणाले.

"आणि लाल?"

"आता विचारता कशाला?"

मग दुकानदारानं फोनवरूनच सांगितलं तसं ह्यांनी सुई घासून टोक काढलं, पातेलं ॲसिटोननं पुसून कोरडं केलं, स्टीलच्या नव्या ब्रशनं खरवडलं आणि आधी भंगाराच्या पत्र्यावर हात बसवला. मला दहा फुटांवर खुर्ची दिली, मुखवटा दिला आणि हात मांडीवर ठेवायला सांगितले.

या वेळी तारा उगवला. आधी भोक भरलं, मग थेंबाला थेंब जोडत चीर मिटत गेली. चाळीस वर्षं पोरांना सरळ रेघ शिकवणाऱ्या माणसाचा हात तो, वीतभर जागेत कुठे कापला नाही. असलं काही माझ्या गोठ्यात होईल, असं कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

पातेलं विटांवर ठेवून पाण्यानं काठोकाठ भरलं. सगळ्या खाली वाकून बूड बघत राहिलो. एक थेंब नाही! मंदाताईंनी सासूबाईंच्या नावावरून ओला हात फिरवला आणि ह्यांना म्हणाल्या, "सर, लई झ्याक." शनिवारी आमटीही तशीच झाली.

यंदा खंडेनवमीला मी ताट घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहिले. ह्यांनी मोठ्या मनानं मला पूजा करू दिली. मशीनच्या रिकाम्या खोक्याची!

आणि सांगायला हरकत नाही, माझ्या हळदकुंकवानं ते खोकं अजून एकदाही बिघडलेलं नाही.