नाही म्हणायचं बटण

मी चौथीपर्यंत शिकले. कॉम्प्युटर मला चालवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. पण आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत माझ्या शिवणयंत्राच्या जागेवर तो पंधरा वर्षं बसला आहे, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवणं मला भाग आहे.

सून त्यावर लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं, मंडळांचे अहवाल जुळवते. तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम जुना, तो जुन्याच सिस्टीमवर चालतो. मशीन दुरुस्त करणारा दादरचा माणूस बजावून गेला होता की नवी सिस्टीम चढली तर हा प्रोग्राम उघडणार नाही, आणि जुन्या फायली दुसरीकडे उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसत्या किडामुंग्या दिसतील. म्हणजे पंधरा वर्षांचं काम गेलं आणि पुढचंही गेलं. नवी सिस्टीम घ्या, अशी चिठ्ठी पडद्यावर सारखी यायची. सून कोपऱ्यातली फुली दाबून ती घालवायची. तिला वाटायचं, झाला नकार.

त्याच सुमारास आमचं नेट दुपारीच संपू लागलं. घरात नेटचा एक लहान डबा आहे. त्याला रोजचा ठरावीक डेटा मिळतो आणि एरवी तो झोपेपर्यंत पुरायचा. मी मुलाला विचारलं, सुनेला विचारलं. दोघं नाही म्हणाली. उरली शेजारीण. तिची मुलगी नाशिकला असते. तिला व्हिडिओवर बघता यावं म्हणून सुनेने शेजारणीला आमचा पासवर्ड दिला होता. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. चाळीस वर्षं मी चाळीच्या नळावर तिच्या मागे उभी राहिले आहे. दोन हंडे सांगून तीन भरणारी बाई ती. मी मुलाला पासवर्ड बदलायला लावला. शेजारीण त्यावर काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कबुलीसारखं वाटलं.

तरीही डेटा दुपारीच संपायचा. मी म्हटलं, नवा पासवर्डही काढला असेल हिने कुठून तरी.

मग एक दिवस सून पत्रिकेचं प्रूफ दाखवायला नायगावला गेली. मुलगा कामावर. शेजारीण भावाकडे, तिच्या दाराला कुलूप. माझा फोन साधा, बटणांचा. कॉम्प्युटर चालू होता, पण त्याच्यापुढे कोणी नव्हतं. मी तांदूळ निवडत होते आणि समोर डब्याचा हिरवा दिवा फडफडत होता, घरात सगळे नेटवर बसलेले असावेत तसा. मी गॅलरीत जाऊन शेजारणीचं कुलूप ओढून पाहिलं. पक्कं होतं. परत येऊन डब्याकडून कॉम्प्युटरला जाणारी वायर उपसली. दिवा शांत झाला. वायर लावली, पुन्हा फडफड. तीनदा करून पाहिलं. चोर घरातच, माझ्या शिवणयंत्राच्या जागेवर बसलेला.

वायर काढून ठेवली, तेवढ्यात पडद्यावर मोठा चौकोन आला. त्यात दोन बटणं. मी सुनेला फोन लावला.

ती म्हणाली, "आई, कशालाही हात लावू नका. बंदसुद्धा करू नका. मी निघालेच."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. ती येईपर्यंत उठले नाही, तांदूळ तसेच राहिले.

सुनेने आल्या आल्या वाचून दाखवलं. एका बटणावर 'आत्ता बसवा', दुसऱ्यावर 'आज रात्री बसवा'.

"आणि नको म्हणायचं कुठलं?" मी विचारलं.

"ते ठेवलंच नाही, आई."

बिल्डरचा माणूस संमतीच्या सह्या घ्यायला चाळीत आला होता, त्याच्याही कागदावर नकाराला जागा नव्हती. मी तेव्हाही सही केली नाही.

दादरचा माणूस फोनवर एकेक पायरी सांगत गेला. आमच्या फुलीला सिस्टीमवाल्या कंपनीने होकार धरला होता, आणि न विचारता सगळी नवी सिस्टीम रोज थोडी थोडी करून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवली होती. सुनेने खाली बारीक अक्षरांत दडवलेली ओळ शोधून बसवायचा बेत रद्द केला. फोल्डर काढून टाकला. नेट मोजून मिळतं अशी खूण केली, म्हणजे मशीन आपणहून काही ओढणार नाही. त्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की जुन्या सिस्टीमला आता सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, तर या मशीनवर बँकेचं काम अजिबात करायचं नाही आणि नेट गरजेपुरतंच जोडायचं. मग सुनेने मशीन बंद करून चालू केलं. पडदा बराच वेळ काळा होता. जुना प्रोग्राम उघडला, नायगावची पत्रिका जशीच्या तशी आली, तेव्हा तिने ओढणीने तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीकडे गेले. माझा संशय खोटा निघाला, नवा पासवर्ड घे, असं सरळ सांगितलं.

ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "नको गो. उद्या तुझ्या घरातला बल्ब उडाला तरी माझंच नाव घेशील."

घेतलंच असतं. मी पासवर्डची चिठ्ठी तिच्या फळीवर ठेवून आले. ती तिने अजून वापरलेली नाही, हे मी डब्याच्या दिव्यावरून रोज बघते.