नुसतं एक ‘मग’

लाँड्रीवाल्या ताईला राग यायला कारण लागत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. साफ खोटं. कारण लागायचं, आणि ते एका शब्दात मावायचं. ‘मग उद्या येऊ का कपडे न्यायला?’ यातल्या ‘मग’शी तिचं काही वाकडं नव्हतं. मान डोलावून, ओठ मुडपून, लांबवून म्हटलेला ‘मऽऽग’ मात्र कानावर पडला, की इस्त्री टेबलावर आदळलीच म्हणून समजा.

तिचा नवरा त्याच दुकानात मागच्या टेबलावर इस्त्री करायचा. दोन शर्टांच्या मध्ये एक सिगरेट, मागच्या दारात उभं राहून. ताईने भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. दारातली जागा काही सुटली नाही. मग खोकला सुरू झाला. तो ऐकू जाऊ नये म्हणून हा बाबा मोरीचा नळ सोडून ठेवायचा आणि ताई पाणी वाया जातंय म्हणून ओरडायची. रुमालावर रक्त दिसलं तेव्हा कुठे दवाखाना गाठला. तोवर फुप्फुसातला कॅन्सर हाडांत उतरला होता. बैल गेला आणि झोपा केला, तसं सगळं.

भेटायला माणसं यायची. कसे आहेत, हे नंतर. आधी प्रश्न, ‘ओढायचे का हो?’ ताई म्हणायची, हो. की पलीकडून ‘मऽऽग’. झाला न्याय! समोरच्या दुकानदाराला, ज्याने जन्मभर तूप ओरपलं, हृदयविकाराचा झटका आला तेव्हा हीच मंडळी फळं घेऊन धावली होती. तिथे कुणाला ‘मग’ सुचलं नाही. शेवटी शेवटी तर नवराच पडल्या पडल्या म्हणू लागला, ‘मग, माझंच केलेलं आहे.’ डॉक्टरकडे आधी का गेला नाहीस, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाला की हेच ऐकावं लागलं असतं. माणूस मरणाला भ्याला नाही, लोकांच्या तोंडाला भ्याला. याचा राग ताईने सहा वर्षं जसाच्या तसा जपून ठेवला होता.

आता पाळी भावाची होती. नाव छोट्या. वय पंचावन्नच्या पुढे, डोक्यावर चंद्र उगवलेला, दोन नातवंडांचा आजोबा, तरी बहिणीला छोट्याच. टॅक्सी चालवायचा. तीस वर्षं एक हात स्टिअरिंगवर आणि सिगरेटचा दुसरा खिडकीबाहेर. दाजी गेले तेव्हा कानाला खडा लावला आणि सोडली. एवढ्यात आरोग्य केंद्रातली नर्स दुकानात कपडे टाकायला आली आणि सांगून गेली की मोठ्या रुग्णालयात पन्नाशी उलटलेल्या, बरीच वर्षं ओढणाऱ्या माणसांची फुप्फुसं स्कॅन करून बघतात. पैसे नाहीत, सुई नाही. सोडून काही वर्षं झालेल्यांनीही यावं. आणि काही त्रास होत नसतानाच यावं, कारण गाठ बारीक असतानाच सापडली तर काढता येते.

ताईने छोट्याला निरोप धाडला. तो आला, पण शर्टांचं गाठोडं घेऊन. मला काही होत नाही, चार मजले चढून जातो, शिवाय सोडली आहे, वगैरे वगैरे वाजवून झालं. मग म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. उघडायची कशाला?”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझी मूठ नाही, तुझी छाती आहे ती, असं ती म्हणाली, आणि कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हेही ऐकवलं. छोट्या जमिनीकडे बघत बोलला, “काही निघालं तर लोक काय म्हणतील, ठाऊक आहे मला.”

“ठाऊक असणारच. दाजींच्या वेळी ‘मग’ म्हणणाऱ्यांत तू पण होतास.”

“म्हणून तर ठाऊक आहे.”

ताईने रागारागाने गाठोडं पुढे ओढलं. खिसा उलटा केल्याशिवाय तिच्या दुकानात कपडा पाण्यात जात नसे. मागे एकदा एका गिऱ्हाइकाच्या शपथेवर विश्वास ठेवला होता आणि घाणाभर पांढरे शर्ट निळे निघाले होते.

“खिसे बघितलेस?” तिने विचारलं.

“बघितले. रिकामे आहेत.”

दुसऱ्याच शर्टातून बिनटोपणाचं पेन निघालं. ताईने ते त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. छोट्या पेनाकडे बघत राहिला. नंतर टकलावरून हात फिरवत म्हणाला, “कधी जायचं?”

रुग्णालयात मशीनच्या खोलीबाहेर एक तरुण मुलगी टेबलामागे बसली होती. तिने छोट्याला विचारलं, ओढायचात का? तो खाली मान घालून हो म्हणाला. किती वर्षं? तीस.

“मग—” मुलगी म्हणाली.

ताईने पर्स आवळून धरली. शिवी जिभेच्या टोकावर आली होती.

“मग तुमच्यासाठीच आहे हे, काका. बरं झालं आलात. खिशातलं सगळं काढून ठेवा आणि आत जाऊन झोपा.”

शिवी गिळावी लागली. ताईने सवयीने भावाचे खिसे उलटे करून पाहिले, किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला आत ढकललं. दार लागलं. शब्द तोच होता. म्हणायला जड नव्हता, त्याला पैसे पडत नव्हते. हाच ‘मग’ असा कुणी एकदा म्हटला असता, तर नळ सोडून खोकणारा तिचा माणूस या दारातून कधीच आत गेला असता. तिने कुणाकुणाला बोल लावावा, इतकी तोंडं होती. त्यांत तिचं स्वतःचंही होतं; पाणी वाया जातंय म्हणून ओरडलेलं.

तेवढ्यात छोट्या शर्टाची बटणं लावत बाहेर आला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात मिळणार होता. काही निघालं तर निघो, तो बहिणीला म्हणाला, निदान बारीक असताना निघेल.

“झालं?” ताईने विचारलं.

“झालं. एवढंच होतं.”

“एवढंच,” ताई म्हणाली, आणि त्या सहा वर्षांत आला नव्हता इतका राग तिला आला.