सगळ्यात जोरात मारणारा

“सबसे ज़ोर से कौन मार रहा है?” अपघाताच्या गर्दीत शिरताना काका पहिल्यांदा एवढंच विचारत. मग उजव्या हाताचं अर्धं उरलेलं बोट एकावर रोखत. बोट आखूड, त्यामुळे नेमकं कोणावर ते कळत नसे. दोघे-तिघे एकमेकांकडे बघत. म्हणून पुढे कपडा सांगावा लागे. “तुम, चेकवाली लुंगी! इधर आओ.”

आमचं शहर हिंदी मुलखातलं. तिथल्या गोरखपूर बाजारात आमच्या घराखाली त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी एका दैनिकात अपघात आणि गुन्ह्यांच्या बातम्या लिहीत असे. आमची गाठ घरापेक्षा रस्त्यावर जास्त पडे.

अशी गर्दी तुम्हीही पाहिली असेल. ट्रक स्कूटरला उडवतो. काही माणसं नुसती बघतात, काही ड्रायव्हरला खाली ओढून बुकलतात. जखमीजवळ कोणी बसत नाही, पोलीस नाव लिहून घेतील म्हणून.

सदर बाजाराच्या रस्त्यावर एका दूधवाल्याची मांडी फाटली होती. दूध आणि रक्त एकाच उतारावरून वाहत होतं. दहा पावलांवर एक धिप्पाड माणूस ड्रायव्हरच्या तोंडावर कमरेचा पट्टा मारत होता. बक्कलाने गाल उघडा पडला होता. काकांनी वरच्या वर पट्टा धरला.

“हाथ अच्छा चलता है तुम्हारा, पहलवान. यहाँ चलाओ.”

त्यांच्या खांद्यावर नेहमी धुतलेला दुपट्टा असे. त्याची घडी त्यांनी जखमेवर ठेवली आणि पहिलवानाचे दोन्ही पंजे त्यावर दाबले. “पूरा वज़न डालो. उठाके देखना नहीं.” माझ्याकडे वळून आपल्या मराठीत म्हणाले, “पेपरवाले, काहून लिहून राहिले? ऑटो थांबवा.”

ऑटो येईपर्यंत पहिलवान ढसाढसा रडत होता. हात मात्र हलले नाहीत. दूधवाला वाचला. पुढे काकांच्या घरी तो रोज दूध घाली. “पाणीच जास्त,” काका म्हणत, “पण येते बिचारा दोन पायांवर.”

बोटाबद्दल मी एकदा विचारलं. तरुणपणी ते एका वर्कशॉपमध्ये होते. सोबत्याने न बघता पत्रा कापायचा प्रेस चालू केला. “सगळे त्याले मारून राहिले होते. त्याचा एक डोळा गेला. माझं बोट कुठं पडलं, ते कोणी पाह्यलंच नाही.” एवढं सांगून ते पंक्चर शोधायला लागले.

थंडीच्या दिवसांतली दुपार होती. एका मेटाडोरने त्यांना त्यांच्याच दुकानाच्या भिंतीवर चिरडलं. मी जिन्यावरून धावत उतरलो तेव्हा गर्दी जमली होती आणि ड्रायव्हरला लाथा बसत होत्या. काकांच्या जांघेतून रक्त उसळत होतं. कपाळ फुटून डोळे रक्ताने भरले होते.

“कोई तो आओ!” मी ओरडलो. कोणी आलं नाही.

“पेपरवाले,” ते म्हणाले, “‘कोणी’ नावाचा माणूस इथं राहत नाही.” त्यांनी अर्धं बोट उचललं, हवेत फिरवलं, खाली ठेवलं. “मले दिसून नाही राह्यलं. सगळ्यात जोरात कोण मारते?”

“हिरवा शर्ट. सळई आहे हातात.”

“बोलवा त्याले.”

“आणि ड्रायव्हर?”

“त्यालेही. गाडी कोण चालवंल?”

मी बोट रोखलं. “तुम, हरी शर्ट! सरिया फेंको, इधर आओ!” तो थबकला. मी पुन्हा ओरडलो. तो आला. मी काकांच्या खांद्यावरचा दुपट्टा जखमेवर ठेवला, त्याचे हात त्यावर दाबले. “उठाके देखना नहीं,” काका त्याला म्हणाले.

आम्ही त्यांना मेटाडोरमध्ये घातलं. ड्रायव्हरचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्या डोळ्याने त्याने गाडी हाकली. मागे आम्ही तिघे. हिरवा शर्ट सगळं वजन टाकून गुडघ्यांवर बसला होता.

इस्पितळाच्या दारात डॉक्टर गाडीत चढले. त्यांनी काकांच्या मानेवर बोटं ठेवली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, “छोड़ दो अब.”

हिरव्या शर्टाने हात काढले नाहीत.

“छोड़ दो, भैया. हो गया.”

“उठाने को मना किया है उन्होंने,” तो म्हणाला आणि आणखी जोराने दाबू लागला.