दोनदा तपासलेली फ्लॉपी

सेलूच्या ज्या कॉलेजात मी काम करतो तिथला ईमेल सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्याची राखण माझ्याकडे आहे. कचरा टपाल अडवायचं, व्हायरस असलेली पत्रं बाजूला काढायची, हे माझं काम. येणाऱ्या टपालाइतकंच बाहेर जाणारंही मी तपासतो. नवी मुलं हसतात. "सर, आपल्याच लोकांवर संशय?" म्हणतात. मी म्हणतो, आधी माझ्यावर.

याचं मूळ परभणीतल्या एका कचेरीत आहे. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं, वातावरण तापलेलं होतं. चहाला कोण कुणाबरोबर जातो यावरही लोकांची नजर असायची. कचेरीत पहिलाच संगणक आला आणि तो माझ्या ताब्यात दिला गेला. खोलीबाहेर चपला काढायच्या, पडदा सारून आत यायचं आणि हातातली फ्लॉपी आधी माझ्याकडे द्यायची, असा माझा नियम होता. एकदा स्क्रीनवर व्हायरसचा पांढरा ठिपका उड्या मारताना पाहिला होता, तेव्हापासून मी कुणावर भरवसा ठेवत नव्हतो. व्हायरस शोधणारी एक फ्लॉपी माझ्याकडे होती. संगणक तिच्यावरूनच सुरू करायचा, मग दुसऱ्यांच्या तपासायच्या. तिच्या कडेच्या खाचेवर काळी पट्टी चिकटवलेली होती. पट्टी असली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे रोगही शिरत नाही.

खंडेनवमीला आम्ही कचेरीतली हत्यारं पुजली. म्हणजे टाइपरायटर, पंच आणि माझा संगणक. पूजेत ती मळकी पट्टी बरी दिसेना, म्हणून मी ती सोलून काढली, फ्लॉपी पुसली आणि तिला हळदकुंकवाचं बोट लावलं.

दिवाळीनंतर व्हायरस निघू लागला, आणि निघायचा तो एकाच माणसाच्या फ्लॉपीवर. पेडगावचा एक लिपिक होता, माझ्याहून वयानं मोठा, बौद्ध. औरंगाबादच्या संगणक प्रशिक्षणाला कचेरीतून एकच नाव जायचं होतं आणि ते आपलं असावं म्हणून तो जिवाचं रान करत होता. जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी पुस्तिका वहीत उतरवून घ्यायचा. मला ते खटकायचं. याचा इरादा काय, असं मनात यायचं. म्हणून इतरांची नवी फ्लॉपी मी एकदाच तपासून तिच्यावर 'ठीक' लिहायचो, मग पुन्हा बघायचो नाही, आणि त्याची लागोपाठ दोनदा तपासायचो. तो कोण आहे म्हणून मी असं करतो, हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हतो. तिसऱ्यांदा व्हायरस निघाला तेव्हा मी साहेबांना लेखी कळवलं. साहेबांनी त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आणि प्रशिक्षणासाठी दुसऱ्याचं नाव धरलं.

दोन दिवसांनी तो आला. चपला काढल्या, पण आत न येता पडद्याशीच उभा राहिला.

"भाऊसाहेब, माजी एकदाच तपासा, आन् दुसऱ्या कुणाची दोनदा तपासून बघा. मग बोला."

मला राग आला. हा मला शिकवणार! त्याला खोटं पाडायला मी माझीच कोरी फ्लॉपी घातली. पहिल्यांदा काही निघालं नाही. दुसऱ्यांदा व्हायरस.

मी तपासणीची फ्लॉपी बाहेर काढली. वर कुंकू तसंच होतं आणि खाच उघडी. कधीतरी तिच्यातच रोग शिरला होता आणि मग ती पहिल्या तपासणीत ज्याला त्याला तो लावत होती. त्याची मी पुन्हा बघायचो, म्हणून तेवढाच पकडला जायचा.

तो पडद्यातून सगळं बघत होता. "साहेबांना सांगा," तो म्हणाला. "नाव सोमवारी जायलंय. अजून टाइम हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी कुंकू पुसलं आणि खाचेवर नवी पट्टी चिकटवली. मला लाज वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती की हा संगणक माझ्याकडून काढून घेतील. साहेब शेजारच्याच खोलीत बसायचे. सोमवारपर्यंत मी चार वेळा त्यांच्याकडे सह्या घ्यायला गेलो आणि चारही वेळा फक्त सह्या घेऊन परत आलो.